जुन्या टाक्याचं पाणी

६ एप्रिल

धाकटे,

वर काय लिहायचं यातच दोन कागद फाडले. आशीर्वाद लिहिला तर तू म्हणशील, मागितला कोणी होता. नुसतं नाव लिहिलं तर नोटीस वाटते. म्हणून धाकटे लिहिलं. तेवढं तरी अजून खरं आहे.

तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. गाडीवाल्या लंबूने दिला. मी लावला नाही. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, कागदावर निदान पान उलटेपर्यंत उसंत मिळते. लंबू दर मंगळवारी इथून माशांच्या बीजाच्या पिशव्या भरून निघतो आणि संध्याकाळी तुझ्या बाजूला पोचतो. पिशव्या भरून, ऑक्सिजन मारून, रबर लावून होईपर्यंत तास जातो. त्या तासात हे लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू स्वतःचं मत्स्यबीज केंद्र काढलंस हे त्याच्याकडूनच कळलं. सहा टाक्या, वर जाळी, पांढऱ्या भिंती, आणि दारात पाय औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नाही. लंबूलाही बुडवायला लावलेस म्हणे. तो आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता. बाबा तुला चौकशी म्हणायचे. प्रत्येक गोष्टीला ‘पण का?’ करणारी पोर बेचाळिसाव्या वर्षी असंच काहीतरी काढणार, यात मला नवल वाटलं नाही. बरं वाटलं. हे लिहायला मला अर्धा तास लागला, तेव्हा एकदा नीट वाच.

सोबत दहा लिटरचा डबा आहे. त्यात आपल्या जुन्या टाक्याचं पाणी आहे. हौद बांधायच्या आधी बाबांकडे जे एकच दगडी टाकं होतं, तेच. ते मी कधी रिकामं होऊ दिलं नाही. त्यातल्या माशांच्या तिन्ही म्हाताऱ्या माद्या अजून आहेत, आणि त्यातल्या थोरलीचा नखरा अजून तसाच आहे. इथे अजूनही नवं बीज आलं की पहिल्या दिवशी हौदात टाक्यातली एक बादली जाते. दह्याला विरजण लावतात तसं. परक्या पाण्यात पोर बावरतं, थोडं घरचं पाणी मिसळा, हे बाबांचं वाक्य तुला आठवत असेलच. त्याच वाक्यावर तू बोट ठेवलं होतंस.

तेव्हा काय झालं ते उगाळत नाही. तू जे बोललीस ते गिऱ्हाइकांसमोर बोललीस, ‘तुमच्या या पाण्यानेच मेलेत सगळे’ असं. मी जे बोललो ते बाबा गेले त्या आठवड्यात बोललो, तुझी बॅग फाटकाबाहेर ठेवून. दोघांनाही वेळ साधता आली नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर अकरा वर्षं प्रत्येक हौदात मी ती बादली ओतली आणि एकदाही काही झालं नाही.

तू जागेत वाटा मागितला नाहीस आणि मीही मूग गिळून बसलो. हे पाणी मात्र बाबांचं आहे, म्हणजे दोघांचं आहे. तुझ्याकडे अठरा तारखेला पहिलं बीज येणार असं कळलं. तेव्हा ओत. नाही ओतलंस तरी ठेव. तुझा वाटा समज.

इकडे सगळं ठीक. हौद चारमध्ये थोडी मंडळी वर वर फिरताहेत. ऊन वाढलंय, दुसरं काही नाही.

दादा


१३ एप्रिल

धाकटे,

लंबू आत्ताच आला. मी विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं, की डबा तू घेतलास, झाकण उघडलं नाहीस, आणि वजनकाट्याशेजारच्या मांडणीवर ठेवलास. पत्र त्याच्यासमोर वाचलं नाहीस. पण जाताना त्याला चहा दिलास. याआधी दिला नव्हतास म्हणतो. माणूस उंचीने वाढला तेवढा अकलेने वाढला नाही, पण निरोप चोख आणतो. आणि निरोप सगळ्या गावाला वाटतो, हेही तितकंच खरं. त्याच्या तोंडाला फाटक नाही.

तुझ्या विद्येतली एक गोष्ट विचारायची आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे, लांबच्या, बोटभर पिलांच्या पाठीवर पांढरट डाग दिसतो आहे. पाठीच्या मधोमध, घोड्यावर खोगीर टाकावं तसा. काहींच्या ओठांना कापूस लागल्यासारखं काहीतरी. दोन दिवसांत डागाच्या कडा पिवळट होतात आणि पर झिजतात. पिल्लू पाण्याच्या आवकेपाशी जाऊन उभं राहतं, पोहत नाही. गिऱ्हाईक घाबरट आहे, म्हणून मी म्हटलं बहिणीला विचारतो, ती शिकलेली आहे. त्याला मिठाच्या पाण्यात बुडवून काढायला सांगितलं. त्याने काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, असं त्याचं म्हणणं.

घाई नाही. सहज वेळ मिळाला तर लंबूला सांग.

इथे काम चालू आहे. आज पिशव्या हौद एक आणि दोनमधल्या भरतो आहोत. चार बंद ठेवला आहे, जरा साफसफाई. गेल्या वर्षी एका हौदात जेवढं बीज सोडत होतो त्याच्या दीडपट यंदा सोडलं. मागणी होती. बाबा असते तर ओरडले असते, आणि मी त्यांना मागणीचं कारण सांगितलं असतं.

तुला ती चुरचुर आठवते का? सकाळी खाणं टाकलं की पाण्यावर हजारो तोंडं एकदम येतात तो आवाज. बाबा आपल्या दोघांना हौदाच्या कठड्यावर पालथं झोपवायचे, कान पाण्याकडे. म्हणायचे, डोळ्याला मासा फसवतो, कानाला फसवत नाही. चुरचुर ऐकू आली तर हौद निरोगी. तू त्यावरही ‘पण का?’ विचारलं होतंस. आज चारमध्ये खाणं टाकलं तेव्हा मीही कान लावून बघितला. पंपाच्या आवाजात नीट कळलं नाही.

डब्याची घाई करू नकोस. मुरलेलं पाणी आहे, आणखी थोडं मुरलं तर बिघडत नाही. आधी नुसतं बीज सोड, बघ, मग ठरव.

दादा


२० एप्रिल

धाकटे,

तुझा निरोप मिळाला. लंबूने तो शाळेतल्या कवितेसारखा पाठ केला होता: ‘गिऱ्हाइकाला सांग, कल्ला उघडून बघ. तांबडा असायला हवा, तपकिरी आणि चिकट असेल तर मिठाने काही होणार नाही. जाळी आणि बादल्या प्रत्येक हौदाच्या वेगळ्या कर. आणि पाण्याचा स्रोत तपास.’ मग म्हणे तो निघताना तू म्हणालीस, ‘आणि दादाला सांग, गिऱ्हाईक लांबचं असेल तर बरं.’

गिऱ्हाइकाला सांगितलं. त्याचे आभार कळवतो.

पिशव्या आज कमी आहेत. अर्ध्या तासात होतील, म्हणून मुद्द्याचं लिहितो. तुला दिलेला डबा मला परत हवा आहे. कारण विचारशीलच, म्हणून सांगतो. तुझ्या वहिनीचं म्हणणं पडलं, की बाबांची म्हणून एवढी एकच गोष्ट राहिली आहे, ती घराबाहेर जायला नको होती. तिला न विचारता मी दिला, माझी चूक झाली. शिवाय टाक्याला तडा गेला आहे, पातळी खाली जाते आहे, तेव्हा इथेच ते पाणी लागणार. तुझ्याकडे तसाही तो मांडणीवर पडून आहे. झाकण न उघडता, आहे तसा, लंबूकडे दे. उघडू नकोस, सांडेल.

राग मानू नकोस. मागे दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं.

तुझं बीज परवा पोचलं असेल. पहिल्या दिवशी सगळीच पिल्लं बावरतात, कोपऱ्यात गोळा होतात. त्याला औषध नाही. दुसऱ्या दिवशी पसरतात. तू त्यांना नुसतं तुझ्याच पाण्यात राहू दे. तुझं पाणी चांगलं आहे, मला खात्री आहे.

दादा


२७ एप्रिल, सकाळ

चौकशी,

आज लंबूला भरायला एकही पिशवी नाही. तो अकराला येईल, आत्ता आठ वाजलेत, म्हणजे माझ्याकडे तीन तास आहेत आणि सबब एकही नाही. आज खरं लिहितो.

लांबचं गिऱ्हाईक नव्हतं. तो मीच. तुला ते पहिल्याच वेळी कळलं होतं, हे तुझ्या निरोपातल्या शेवटच्या वाक्यावरून मलाही कळलं होतं. तरी मी आभार लिहिले.

हौद चार सात तारखेपासूनच मरत होता. आधी दहा-वीस, मग टोपलीने. मग दोन आणि तीन. नऊपैकी आता चारच हौद चालू होते. मग आवकेच्या टोकाला असलेला हौद एक, जो कधीच आजारी पडत नाही अशी माझी प्रौढी होती. प्रत्येक हौदात बादली ओतल्यापासून मोजलं तर बरोबर सातव्या दिवशी चुरचुर थांबते. खाणं टाकलं की ते तसंच तरंगत राहतं आणि हळूहळू ओलं होऊन खाली बसतं. पाणी स्वच्छ दिसतं. अगदी आरशासारखं. त्यानंतर तीन दिवसांत हौद संपतो. मी तीन वेळा मोजलं आहे. चौथ्यांदा मोजायला हौद उरला नाही.

प्रयोगशाळेतल्या बाई चौदा तारखेला आल्या होत्या. तुझ्यापेक्षा लहान, पण तुझ्यासारखीच मान तिरकी करून बघणाऱ्या. त्यांनी पिलांचे कल्ले कापले, काचेवर ठेवले. मला विचारलं, नव्या हौदात काय काय टाकता? मी सगळं सांगितलं. खाणं, चुना, मीठ, जांभळं औषध. जुन्या टाक्याचं सांगितलं नाही. बाईंनी वही मिटली आणि निघताना त्यांचं लक्ष टाक्याच्या कठड्यावरच्या बादलीकडे गेलं. बादली ओली होती.

‘ही कशाला?’ त्यांनी विचारलं.

‘झाडांना,’ मी म्हटलं.

बाईंनी आवारात एकदा गरकन नजर फिरवली. आपल्या आवारात एक झाड नाही, तुला माहीतच आहे. त्यांनी बाटली काढली, टाक्यातलं पाणी भरून घेतलं, थोरल्या मादीच्या कल्ल्यावरून कापसाचा बोळा फिरवला आणि गेल्या.

निकाल एकोणीसला आला. पिलांच्या कल्ल्यात जो जंतू आहे तोच टाक्यात आहे, आणि तोच त्या तिघी म्हाताऱ्यांच्या अंगात आहे. बाई फोनवर म्हणाल्या, ‘त्यांना काही होणार नाही. त्यांच्यात तो मुरलाय. त्या नुसत्या वाटतात.’ मी विचारलं, मग इतकी वर्षं काही कसं झालं नाही? त्या म्हणाल्या, ‘पाणी गार होतं आणि पिल्लं विरळ होती तोवर निभावलं असेल. पण खरंच काही झालं नाही का? आठवून सांगा.’

मी आठवून सांगितलं नाही. तुला सांगतो.

अकरा वर्षांत चार वेळा झालं. चारही वेळा मी उन्हाला, वाहतुकीला आणि बीजाला दोष दिला. आणि तू ज्या वर्षी बाबांना तोंडावर बोललीस, त्या वर्षीचं तर तुला कोणीच सांगितलं नाही. तुला वाटतं नऊच्या नऊ हौद मेले. मेले आठ. नववा जगला. त्यात मी बादली ओतली नव्हती. तू आदल्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक घेऊन आली होतीस आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेली होतीस, म्हणून गुपचूप करून बघितलं. जगला. मी ती पिल्लं दुसऱ्या दिवशीच आवारातून हलवली आणि कोणाला सांगितलं नाही. तू गिऱ्हाइकांसमोर उभी राहून ‘या पाण्यानेच मेलेत’ म्हणालीस, बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी तुझ्यावर चिडलो आहे. पुढचे चार महिने ते अंथरुणाला खिळले होते. मी रोज त्यांच्या उशाशी बसायचो, रोज सांगायचं ठरवायचो, आणि रोज त्यांना सांगायचो की चौकशीचं मनावर घेऊ नका, तिला काय कळतं.

बॅग फाटकाबाहेर ठेवली ती यासाठी. तू समोर असेपर्यंत मला नववा हौद दिसत राहिला असता.

आता डब्याचं. लंबूने तो नेला तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं, एवढा माझ्यावर विश्वास ठेव. संशय होता, पण संशय मला अकरा वर्षं आहे. एकोणीसला मात्र पक्कं कळलं. वीसला तुला लिहायला बसलो तेव्हा एकच ओळ लिहायची होती: डब्यात रोग आहे, ओतू नकोस. ती लिहिली असती तर पुढची ओळ ‘तू बरोबर होतीस’ अशी आली असती, आणि तीच हातातून उतरेना. लंबूच्या तोंडी सांगावं तर तासाभरात सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं असतं. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, डबा परत मागू. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दिलेली वस्तू कोणी परत मागितली की तू ती त्याच्या अंगावर फेकतेस. लहानपणी माझा भोवरा असाच फेकला होतास, कपाळावर खूण आहे. मला खात्री होती, की झाकणही न उघडता भरलेला डबा तू आहे तसा परत धाडशील. त्या खात्रीवर मी गेला आठवडा निवांत झोपलो. फोन हाताशी होता. लावला नाही.

काल वहिनीने माझ्या टेबलावर तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा कागद वाचला. ती म्हणाली, ‘मी कधी म्हटलं बाबांची वस्तू घराबाहेर जायला नको?’ मी म्हटलं, काहीतरी कारण द्यायला हवं होतं. ती म्हणाली, ‘म्हणजे तिला पुन्हा एकदा बाहेरची म्हटलंत, आणि तेही माझ्या तोंडून.’ मग तिने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. संध्याकाळी म्हणाली, उद्या तिला सगळं लिहा, नाहीतर मी लिहीन. मी म्हटलं लिहितो. ती मानापमानाचं बोलते आहे, एवढंच मला कळलं.

आज तिघी म्हाताऱ्यांना बाहेर काढून टाकं उपसायचं आहे. बाबांनी बांधल्यापासून पहिल्यांदा. पंप लावून ठेवला आहे, अजून बटण दाबलं नाही. आधी तुझा डबा येऊ दे, तो यातच रिकामा करीन, मग एकदमच


२७ एप्रिल, साडेअकरा

लंबू आला. डबा आणला.

डबा रिकामा आहे. आतून धुतलेला, पुसलेला, उन्हात वाळवलेला. झाकणाला तुझ्या पद्धतीची दुहेरी गाठ. आत चिठ्ठी. तुझीच चिठ्ठी तुलाच लिहून दाखवतो, कारण तू काय लिहिलंस ते मी कसं वाचलं हे तुला कळायला हवं:

‘दादा, डबा दोन आठवडे मांडणीवर होता. ओतणार नव्हतेच, मी काय शिकले ते तुला माहीत आहे. पण रोज सकाळी टाक्यांकडे जाताना त्याला हात लावून जात होते. तू वाटा म्हणालास ते मला आवडलं होतं. आज तुझं पत्र आलं, की बाबांची वस्तू घराबाहेर नको. म्हणजे अकरा वर्षांनीही घर तुमचं आणि बाहेर मी. तेव्हा लंबूला थांबवलं आणि त्याच्यासमोर ओतलं. सहाही टाक्यांत सारखं. तूच लिहिलंस ना, अकरा वर्षांत एकदाही काही झालं नाही म्हणून. माझा वाटा मी घेतला. डबा तुझा, धुऊन पाठवते आहे.’

लंबूला विचारलं, कधी ओतलं? म्हणाला, ‘मंगळवारी संध्याकाळी, मी पोचलो तेव्हाच. ताई रडत होत्या, पण हात स्थिर होता. मग डबा मी सीटखाली ठेवला आणि फेरीला गेलो.’ सात दिवस तो डबा त्याच्या सीटखाली घरंगळत होता. वहिनीच्या कालच्या बोलण्यातला धोका मला आत्ता कळला.

तुला आत्ता नऊ वेळा फोन केला. वाजतो. लंबू म्हणतो, टाक्यांत हात असतात तेव्हा तुझा फोन बाहेर खुंटीवर असतो. वहिनी तिच्या फोनवरून लावते आहे, मेसेजही टाकला आहे. तू बघशील तेव्हा बघशील. मी लंबूच्या गाडीत बसतो आहे. पाच तास लागतील. हे उरलेलं गाडीतच लिहितो आहे, अक्षर हलतं आहे. तू मला फाटकातून आत घेणार नाहीस, आणि घेऊ नयेस. म्हणून हे पत्र आधी लंबूच्या हाती आत पाठवीन.

जे मला उशिरा कळलं ते तू आधी कर. एका टाकीतली जाळी दुसरीत नको, सगळ्या आत्ताच्या आत्ता उकळ. गर्दी कमी कर, निम्मी पिल्लं बाजूला काढ, वेगळ्या पाण्यात. पाणी जेवढं गार करता येईल तेवढं कर आणि हवा वाढव. मिठावर विसंबू नकोस, मी त्यात पाच दिवस घालवले. प्रयोगशाळेच्या बाईंनी दिलेलं औषध माझ्याकडे उरलं आहे, ते घेऊन येतो आहे. ते खाण्यातून द्यायचं असतं. मला ते मिळालं तेव्हा माझ्याकडची पिल्लं खात नव्हती. तुझी अजून खात असतील तर त्याचा उपयोग आहे. सगळं त्यावरच आहे.

तुझा सूक्ष्मदर्शकही मांडीवर आहे. तू तो मागे ठेवून गेली होतीस. मी कपाटात ठेवला होता, वर्षातून एकदा काढून पुसायचो. एकदा डोळाही लावला होता त्याला. काय बघायचं ते माहीत नव्हतं, म्हणून काही दिसलं नाही.

गिऱ्हाइकांना गाडीतूनच फोन करतो आहे, ज्यांना गेल्या तीन मंगळवारी पिशव्या गेल्या त्या सगळ्यांना. पहिला म्हणाला, बरं झालं सांगितलंत. दुसऱ्याने फोन ठेवला. लंबू सगळं ऐकतो आहे. ऐकू दे. मी चौथा नंबर शोधत होतो तेव्हा तोच म्हणाला, ‘दादा, लिहून झालं असेल तर सांगा, मी जोरात हाकतो.’

तू बरोबर होतीस. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

पाणी माझं, दोष माझा. गिऱ्हाइकांसमोर सांग, बाबांच्या नावाला धक्का लागला तरी सांग, मी शेजारी उभा राहून मान वर ठेवीन. तो निवाडा नंतर. लंबू हे तुझ्या हातात देईल तेव्हा संध्याकाळच्या खाण्याची वेळ झालेली असेल. आज तुझा सातवा दिवस आहे. बाकी काही करायच्या आधी पहिल्या टाकीपाशी जा, पंप बंद कर, चिमूटभर खाणं टाक आणि कान दे. मी फाटकाबाहेर उभा आहे. ऐकू आलं तर हाक मार. नाही आलं तरी मार.

दादा